लाजेच्या प्रश्नांना उत्तर देणारा प्राध्यापक

साक्रीहून धुळ्याकडे किंवा नवापूरकडे, सुरत महामार्गाने कुठेही निघा, भिंतींवर एक जाहिरात हमखास दिसते. गुप्तरोग, मर्दानी कमजोरी, धातू जाणे, खात्रीशीर इलाज, खाली मोबाइल नंबर. गावात चांगले डॉक्टर असतात, सरकारी दवाखान्यात केसपेपर काढला की तपासणी होते, तरीही पोरे त्या नंबरावर फोन करतात, कारण तिथे चेहरा दाखवावा लागत नाही. लाजेचा प्रश्न विचारायला आडोसा लागतो. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी मुंबईत एका गणिताच्या प्राध्यापकाने मराठी माणसाला असा आडोसा दिला होता. त्याचे औषध मात्र फार वेगळे होते. तो बाटली विकत नव्हता, खरी माहिती छापत होता. त्याबद्दल त्याला न्यायालयात दंड झाला.

रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म 14 जानेवारी 1882 चा, दापोलीजवळच्या मुरूडचा. वडील धोंडो केशव कर्वे, ज्यांना पुढे सारा देश महर्षी म्हणू लागला. आई राधाबाई. 1891 मध्ये बाळंतपणात राधाबाई गेल्या, तेव्हा रघुनाथ नऊ वर्षांचा होता. त्या काळी बाळंतपणात बाई जाणे ही घरोघरची गोष्ट होती. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, झटके, अडलेले बाळंतपण, एकामागून एक दिवस जाऊन खंगलेले शरीर, ही कारणे आज वैद्यकीय विद्यार्थी पाठ करतात. त्या वेळी त्यांना नशीब म्हणत. मुलाच्या मनावर आईच्या मरणाचा काय परिणाम झाला हे सांगणे कठीण आहे. पण पुढे ज्या माणसाने उभे आयुष्य बाईला नको असलेले बाळंतपण टाळण्यासाठी घालवले, त्याच्या बालपणातला हा प्रसंग विसरता येत नाही.

दोन वर्षांनी, 1893 मध्ये, वडिलांनी विधवेशी पुनर्विवाह केला. मुरूडच्या समाजाने कर्वे कुटुंबावर बहिष्कार टाकला. अकरा वर्षांच्या मुलाने समाजाचा रोष म्हणजे काय हे घरातच पाहिले. वडील तो रोष शांतपणे सोसणारे होते, लोकांना हळूहळू वळवणारे होते. मुलाने वडिलांची जिद्द घेतली, तो सौम्यपणा घेतला नाही. ज्यांना पटत नाही त्यांना ते तोंडावर सांगत, आणि तेही गणितातल्या सिद्धतेसारखे, पायरी पायरीने, समोरच्याला पळायला वाट न ठेवता. त्यांचे बरेचसे नुकसान या स्वभावामुळे झाले असे म्हणायला जागा आहे. पण लोकांना रुचेल तेवढेच बोलायचे ठरवले असते तर हे काम झालेच नसते.

रघुनाथ हुशार विद्यार्थी होता. 1899 मध्ये मॅट्रिकला पहिला आला, 1904 मध्ये फर्ग्युसन कॉलेजातून बी. ए. झाला आणि गणिताचा प्राध्यापक झाला. 1919 मध्ये गणिताच्या पुढच्या अभ्यासासाठी ते पॅरिसला गेले. महायुद्ध नुकतेच संपले होते. युरोपातल्या सैन्यांना शत्रूच्या गोळीइतकाच उपदंश आणि परम्याचा त्रास झाला होता, त्यामुळे लैंगिक रोग, कामजीवन, संततिनियमन यांवर तिकडे उघड चर्चा चालू होती. इंग्लंडात मेरी स्टोप्स यांचे विवाहजीवनावरचे पुस्तक 1918 मध्ये निघून गाजत होते. कर्व्यांनी गणिताबरोबर हेही साहित्य वाचले आणि फ्रेंचवर चांगला हात बसवला.

1921 मध्ये ते परतले आणि त्याच वर्षी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. भारतातले ते पहिले. मेरी स्टोप्स यांचा लंडनचा दवाखानाही त्याच 1921 सालचा. म्हणजे लंडनच्या मागे वीस-पंचवीस वर्षे चालण्याची सवय असलेल्या मुंबईने या एका बाबतीत लंडनच्या बरोबरीने पाऊल टाकले, आणि ते टाकणारा माणूस डॉक्टरही नव्हता.

त्या काळी हाताशी साधने काय होती हेही पाहायला हवे. गोळी नव्हती, तांबी नव्हती, इंजेक्शन नव्हते. जाड रबराचे निरोध, गर्भाशयाच्या तोंडावर बसवायची रबरी टोपी, स्पंज, क्विनाइनच्या वड्या, धुण्याची पिचकारी, एवढेच. आणि सुरक्षित दिवस? त्याबद्दल तर डॉक्टरच चुकत होते. एकोणिसाव्या शतकातले कितीतरी वैद्यकतज्ज्ञ पाळीच्या मधले दिवस सुरक्षित समजत होते, म्हणजे नेमके बीज सुटण्याचे दिवस. जपानच्या ओगिनो आणि ऑस्ट्रियाच्या क्नाउस यांनी बीज कधी सुटते हे 1920 च्या दशकात दाखवले, तेव्हा हा गोंधळ मिटला. अशा काळात कर्वे बाहेरची पुस्तके आणि नियतकालिके वाचून मराठीत माहिती देत होते. 1923 मध्ये त्यांचे संततिनियमनावरचे पुस्तक आले, आणि त्याच वर्षी गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावरचे दुसरे. पेनिसिलिन उपदंशावर वापरात यायला आणखी वीस वर्षे होती. आर्सेनिकच्या इंजेक्शनांवर काम चालत होते आणि ती इंजेक्शने त्रासदायक होती. रोग होऊच न देणे हाच खरा इलाज होता.

मुंबईच्या विल्सन कॉलेजात ते गणित शिकवत होते. कॉलेज ख्रिस्ती मिशनचे. प्राध्यापकाने गर्भ राहू न देण्याचे उपाय जाहीरपणे सांगावेत हे चालकांना मानवले नाही. नोकरी किंवा प्रचार, यांतले एक निवडा, असा प्रश्न आला आणि कर्व्यांनी नोकरी सोडली. पुढचे आयुष्य तंगीत गेले. पत्नी मालतीबाई या निर्णयात बरोबरीच्या होत्या. मूल होऊ द्यायचे नाही हेही दोघांनी मिळून ठरवले होते आणि पाळले. मूल नसलेल्या बाईला आजही लग्नकार्यात कशी वागणूक मिळते हे खानदेशात कुणाला सांगायला नको. 1920-30 च्या काळात मालतीबाईंनी ते सोसले. रघुनाथरावांच्या चरित्रात त्यांना चार ओळी मिळतात, हा अन्यायच आहे.

15 जुलै 1927 रोजी 'समाजस्वास्थ्य' मासिकाचा पहिला अंक निघाला. पुढे सव्वीस वर्षे ते निघत राहिले. मुखपृष्ठावर विवस्त्र स्त्रीचे चित्र असे. लोक चिडले ते आधी त्या चित्रावर. कर्व्यांचे म्हणणे असे की नग्नता आणि अश्लीलता या दोन गोष्टी आहेत. शरीराकडे चोरून पाहण्याची सवय झाली म्हणून उघडे शरीर घाणेरडे वाटते. युरोपात निघालेल्या नग्नसंघांविषयीही ते आस्थेने लिहीत. याच मुंबईत जे. जे. कला महाविद्यालयात 1919 पासून जिवंत मॉडेल समोर ठेवून नग्न देहाचा अभ्यास शिकवला जात होता. म्हणजे चित्रकाराने कागदावर काढलेला देह कलेच्या खात्यात जमा होई आणि मासिकावर आला की पोलिसांच्या.

कामभावनेकडे कसे पाहायचे, हा प्रश्न जुना आहे. आपल्या परंपरेने काम हा चार पुरुषार्थांत धरला. वात्स्यायनाने कामसूत्रात स्त्रीच्या सुखाचाही विचार केला. महाराष्ट्री प्राकृतातली हालाची गाथासप्तशती शेतातल्या, पाणवठ्यावरच्या, परगावी गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणाऱ्या माणसांच्या शृंगाराने भरलेली आहे. ग्रीसमध्ये प्लेटोने देहाच्या ओढीला सौंदर्याकडे आणि तिथून ज्ञानाकडे नेणारी पायरी मानले. मग एकोणिसाव्या शतकात हा विषय कवी आणि तत्त्वज्ञ यांच्याकडून डॉक्टरांकडे आला. व्हिएन्नाच्या क्राफ्ट-एबिंग यांनी 1886 मध्ये कामविकृतींची जंत्री काढली. त्यांच्या दृष्टीने संततीशी संबंध नसलेली बहुतेक वासना हा आजार होता. इंग्लंडच्या हॅवलॉक एलिस यांनी वेगळी वाट धरली. माणसे प्रत्यक्षात कशी वागतात हे त्यांनी गोळा केले आणि त्यातले बरेचसे वैविध्य हे आजार नसून निसर्ग आहे असे मांडले. 1898 मध्ये त्यांच्या समलिंगी आकर्षणावरच्या ग्रंथाच्या विक्रेत्यावर लंडनमध्ये खटला झाला. फ्रॉइड 1905 मध्ये आले आणि त्यांनी कामभावनेचा उगम थेट बालपणात शोधला.

कर्वे या सगळ्यांत एलिस यांच्या जवळचे. 1934 मधल्या आपल्या ग्रंथाला त्यांनी नाव दिले 'आधुनिक कामशास्त्र'. त्या नावात दोन्ही गोष्टी आल्या. शास्त्र आपल्याकडे होतेच, आता ते आधुनिक ज्ञानाने पुन्हा लिहायचे. कामेच्छा ही भूक-तहानेसारखी शरीराची गरज आहे, ती पुरुषाइतकीच स्त्रीलाही असते, आणि दुसऱ्याला इजा होत नसेल तर त्यात पाप नाही, हा त्यांच्या विचाराचा गाभा. ब्रह्मचर्य हा संततिनियमनाचा उत्तम मार्ग आहे असे गांधीजी सांगत. कर्व्यांना तो सल्ला अशक्य आणि शरीराला अपायकारक वाटे, आणि ते तसे छापत.

इथे कर्व्यांचे थोडे चुकते, असे म्हणावे लागेल. भूक लागली की भाकरी मिळाल्यावर माणूस तृप्त होतो. भाकरी कुणी वाढली याने पोट कमी-जास्त भरत नाही. कामभावनेचे तसे नाही. तिच्यात आठवण असते, भीती असते, मत्सर असतो, आपल्याला कुणीतरी हवेसे मानावे ही आस असते. पुरुषाला ताठरता येत नाही म्हणून आलेल्या तरुणांत शरीर धडधाकट आणि मन धास्तावलेले, असे किती तरी असतात. कर्व्यांचे गणिती मन या भागाशी फारसे रमले नाही. प्रेम आणि कामेच्छा यांची फारकत करताना ते फार सहज बोलून जात.

पण 'समाजस्वास्थ्य'मधले प्रश्नोत्तरांचे सदर वाचले की हा आक्षेप मागे पडतो. महाराष्ट्रभरातून वाचकांची पत्रे येत. बहुतेक तरुण, शिकलेले, लग्न झालेले किंवा होऊ घातलेले. विचारायचे काय, तर हस्तमैथुनाने अंगातली ताकद गेली का, स्वप्नात वीर्य जाते म्हणून वेड लागेल का, लिंग लहान आहे तर लग्न करू का, बायकोला सुख का होत नाही, पुरुषाविषयी ओढ वाटते तर काय करू. आजच्या मैत्री क्लिनिकमध्ये किशोरवयीन मुलगा दार बंद झाल्यावर आणि बरोबरचा मोठा माणूस बाहेर गेल्यावर जे विचारतो, जवळजवळ तेच.

वीर्यनाशाची ही धास्ती आपली एकट्याची नाही. स्विस डॉक्टर तिसो यांनी 1760 मध्ये हस्तमैथुनावर ग्रंथ लिहून त्यातून आंधळेपणापासून वेडापर्यंत सगळे होते असे सांगितले आणि दीडशे वर्षे युरोपचे वैद्यक तेच म्हणत राहिले. आपल्याकडे शुक्र हा सातवा, सर्वांत सारभूत धातू, अन्नापासून पायरी पायरीने तयार होणारा, ही समजूत होतीच. दोन भीती एकमेकींना मिळाल्या. प्रत्यक्षात एका वेळी बाहेर पडणारे वीर्य साधारण दोन ते पाच मिलिलिटर, म्हणजे जेमतेम चमचाभर. त्यात बहुतांश पाणी आणि प्रोस्टेट व शुक्राशयातला स्राव. शुक्रजंतू पौगंडावस्थेपासून म्हातारपणापर्यंत सतत तयार होत राहतात, एक तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. साठा संपत नाही. साठवून ठेवलेही जात नाही. कर्वे हेच सांगत होते: हस्तमैथुनाने कोणताही रोग होत नाही, रोग होतो तो भीतीने. 1960 मध्ये भारतीय मनोविकारतज्ज्ञ न. ना. विग यांनी या भीतीतून येणाऱ्या थकवा, अशक्तपणा, उदासी या तक्रारींना 'धात सिंड्रोम' असे नाव दिले आणि ते जगभरच्या पुस्तकांत गेले. कर्व्यांच्या टपालात तो आजार तीस वर्षे आधीच येऊन पडलेला होता.

समलिंगी ओढीबद्दल लिहिणाऱ्यालाही कर्वे धीर देत. ज्या देशात त्या संबंधाला 2018 पर्यंत गुन्हा म्हटले गेले, तिथे ही उत्तरे 1930 च्या दशकात मराठीत छापून घरोघर जात होती.

पहिला खटला 1931 मध्ये, व्यभिचाराच्या प्रश्नावरच्या लेखाबद्दल झाला. शंभर रुपये दंड. दुसरा 1934 मध्ये, आणि तो याच प्रश्नोत्तरांवर. कर्व्यांचे वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. पुणे करार होऊन दोन वर्षेही झाली नव्हती. अस्पृश्यांच्या राजकारणाचा सगळा भार अंगावर असलेला नेता, एका ब्राह्मण प्राध्यापकाच्या हस्तमैथुनावरच्या उत्तरांसाठी मॅजिस्ट्रेटसमोर उभा राहिला. त्यात लोकप्रियता मिळण्यासारखे काहीही नव्हते. आंबेडकरांचा युक्तिवाद मुळाशी जाणारा होता. लैंगिक विषयावर लिहिले म्हणून ते आपोआप अश्लील होत नाही. प्रश्न विचारणारा विकृत आहे असे क्षणभर मानले तरी त्याला ज्ञानाचीच जास्त गरज आहे. आणि उत्तर छापू नये असे म्हणणे म्हणजे लोकांना अज्ञानात ठेवणे. एलिस यांच्या संशोधनाचा आधारही त्यांनी घेतला.

खटला हरला. दोनशे रुपये दंड झाला. एका बेकार प्राध्यापकाला 1934 मधले दोनशे रुपये ही लहान रक्कम नव्हती.

निकाल तसा का लागला हे समजायला कायदा पाहावा लागतो. इंग्रजी न्यायालयाने 1868 च्या हिकलिन खटल्यात अश्लीलतेची कसोटी ठरवून दिली होती: ज्यांची मने वाईट परिणामाला उघडी आहेत अशांच्या हातात हा मजकूर पडला तर ती बिघडतील का? म्हणजे मोजमाप सर्वांत कच्च्या मनाच्या वाचकावर. या कसोटीला वैद्यकाचे पाठ्यपुस्तकही उतरले नसते. भारतीय दंड विधानाच्या कलम 292 मध्ये सूट होती, पण ती धार्मिक कामासाठीच्या पुस्तकांना आणि देवळावरच्या, रथावरच्या शिल्पांना. बळसाण्याची जुनी देवळे बांधणाऱ्या शतकांत मंदिराच्या भिंतीवर देह कोरणे पुण्याचे काम होते, आणि दगडातल्या त्या शृंगाराला इंग्रजांच्या कायद्यानेही हात लावला नाही. शास्त्रासाठी लिहिलेल्या कागदाला मात्र सूट नव्हती.

खटल्यांनी मासिक थांबले नाही. आंबेडकरांचेही काम त्या दंडाने संपले नाही. नोव्हेंबर 1938 मध्ये त्यांच्या पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला. भाषण आंबेडकरांनी तयार केलेले होते. त्यात बाळंतपणाने खंगणाऱ्या बायका आणि गरिबी यांचा हिशेब होता. ठराव फेटाळला गेला.

कर्वे लिहीत राहिले. 1938 मध्ये आहारशास्त्रावर पुस्तक, 1940 मध्ये वेश्याव्यवसायावर. वेश्येला पापी ठरवून रोग थांबत नाहीत, तपासणी आणि प्रतिबंध यांनीच थांबतात, ही त्यांची भूमिका. एड्सच्या काळात, 1990 नंतर, सरकारला शेवटी त्याच भूमिकेवर यावे लागले. महामार्गावरच्या ट्रकचालकांपर्यंत आणि देहविक्री करणाऱ्या बायकांपर्यंत निरोध पोचवल्यावरच साथ आटोक्यात यायला लागली.

1944 मध्ये मालतीबाई गेल्या. त्यानंतरची नऊ वर्षे रघुनाथरावांनी एकट्याने काढली. लिहायचे, मुद्रिते तपासायची, अंक पाठवायचे. स्वतंत्र भारताच्या पहिल्या पंचवार्षिक योजनेत, 1952 मध्ये, कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. असा सरकारी कार्यक्रम घेणारा भारत जगातला पहिला देश. ज्या कामासाठी कर्व्यांची नोकरी गेली ते काम आता सरकारी खात्याचे झाले होते. कर्व्यांना त्यात जागा मिळाली नाही.

14 ऑक्टोबर 1953 रोजी ते वारले. नोव्हेंबरचा अंक निघाला आणि 'समाजस्वास्थ्य' बंद पडले. वडील त्यांच्यामागे नऊ वर्षे जगले. 1958 मध्ये महर्षींना भारतरत्न मिळाले तेव्हा ते शंभर वर्षांचे होते.

कलम 292 मध्ये दुरुस्ती झाली ती 1969 मध्ये. विज्ञान, साहित्य, कला किंवा विद्या यांच्या हितासाठी, लोकांच्या भल्यासाठी केलेले प्रकाशन अश्लील ठरणार नाही, अशी तरतूद तेव्हा आली. सर्वोच्च न्यायालयाने हिकलिनची कसोटी बाजूला ठेवली 2014 मध्ये. न्यायालयात भरलेले ते दोनशे रुपये परत मिळण्याचा प्रश्न तोपर्यंत उरला नव्हता.